रामघाटावरचे पाणी

मराठी माणसास उज्जैन परके नाही. राणोजी शिंद्यांनी येथे आपली राजधानी केली. त्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी महाकालाचे मंदिर पुन्हा उभारले. मंदिरापासून थोडे चालून गेले की क्षिप्रा नदीचा रामघाट लागतो. प्रभू रामचंद्रांनी येथे पित्याचे श्राद्ध केले, अशी हिंदू बांधवांची श्रद्धा आहे. आम्ही गेलो तेव्हा पायऱ्यांवर कोणी पिंडदान करीत होते, कोणी लेकरांस बुडी मारावयास शिकवीत होते. एक आजीबाई प्लास्टिकच्या डब्यात पाणी भरून घेत होत्या. ते पाणी तीर्थ म्हणून घरातील लहानथोरांच्या ओठी लागणार! आमची नजर त्या डब्यावरून हलेना.

वाचकहो, हे पाणी येते तरी कोठून? मेघदूतात कालिदासाने गौरविलेली क्षिप्रा आता उन्हाळ्यात स्वतःच्या बळावर वाहत नाही. म्हणून २०१४ साली नर्मदेचे पाणी पंपांनी सुमारे साडेतीनशे मीटर चढवून तिच्या उगमाशी सोडण्यात आले. केवढा हा खटाटोप! परंतु उज्जैनच्या थोडे वर, त्रिवेणीपाशी, तिला खान नदी मिळते. खान ही नावाचीच नदी. ती इंदूर शहराचे सांडपाणी घेऊन येते. २०१६ च्या सिंहस्थासाठी खानचे पाणी प्रचंड नळातून शहराच्या बाहेरून वळवून घाटांच्या खाली, कालियादेहाकडे, सोडण्याची योजना झाली. पाऊस जोराचा झाला की खान ही वाट जुमानीत नाही. २०२८ च्या सिंहस्थासाठी त्याहून मोठा बंद कालवा हाती घेण्यात आला. यात्रेकरूंची सोय व्हावी हे योग्यच. पण घाटाखालच्या गावकऱ्यांनी काय करावे? एकाच्या अंगणातील घाण दुसऱ्याच्या अंगणात लोटणे, यास सफाई म्हणावयास आम्ही तयार नाही.

आणि घाण लोटणाराही सुटत नाही. स्वच्छतेत देशात वारंवार पहिला क्रमांक मिळविणाऱ्या त्याच इंदुरात, २०२५ च्या डिसेंबरअखेरीस, भागीरथपुरा वस्तीत पिण्याच्या नळाच्या पाण्यात सांडपाणी मिसळले. शेकडो लोक जुलाब-वांत्यांनी आजारी पडले, कित्येक दगावले.

सरकारी मानकाप्रमाणे स्नानाच्या नदीत १०० मिलिलिटर पाण्यामागे विष्ठेतील जंतूंची संख्या २५०० पर्यंत चालते. पिण्याच्या पाण्यात मात्र असा एकही जंतू चालत नाही. म्हणजे ज्यात बुडी मारणे क्षम्य, ते पिणे क्षम्य असेलच असे नाही. पटकी, विषमज्वर, कावीळ यांचे जंतू डोळ्यांस दिसत नाहीत. आपल्याकडे विहिरीचा तळ दिसला की पाणी 'निवळशंख' ठरते, मग शौचालयाचा शोषखड्डा दहा पावलांवर का असेना! तुरटी फिरविल्याने गाळ खाली बसतो, जंतू मरतातच असे नाही. खदखदून उकळी आणावी, अथवा विहिरीत ठरल्या प्रमाणात ब्लीचिंग पावडर टाकावी. जुलाब लागलेच, तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ विरघळवून घोट घोट पाजीत राहावे आणि दवाखाना गाठावा. पोर 'पाणी नको' म्हणून तोंड फिरविते, तरीही पाजावे.

महाराष्ट्रात पाण्याची तपासणी करून ग्रामपंचायतींस हिरवे, पिवळे वा लाल कार्ड देण्यात येते. आपल्या गावास कोणते मिळाले, हे येत्या ग्रामसभेत उभे राहून विचारता येईल.