जॉर्ज व्हिटफील्ड आणि ‘त्या काळाचा माणूस’ #थ्रेड

१/ ‘तो त्याच्या काळाचा माणूस होता.’ इतिहासाच्या वर्गात हे वाक्य हमखास ऐकू येते. अठराव्या शतकातील ख्रिस्ती पुनरुज्जीवन चळवळीचा प्रवचनकार जॉर्ज व्हिटफील्ड याच्याविषयी वाचताना मात्र ते मला अपुरे वाटू लागले.

२/ जन्म १७१४, इंग्लंडमधील ग्लॉस्टर. ऑक्सफर्डमध्ये श्रीमंत विद्यार्थ्यांची कामे करून तो शिकला. १७३९ मध्ये ब्रिस्टलजवळील किंग्जवूडच्या कोळसा खाणकामगारांसमोर त्याने उघड्यावर प्रवचन केले. चर्चची पायरी न चढणाऱ्यांकडे तो स्वतः चालत गेला.

३/ अमेरिकेच्या त्याने सात फेऱ्या केल्या. फिलाडेल्फियात बेंजामिन फ्रँकलिनने पावलांनी अंतर मोजून हिशेब मांडला, की हा आवाज ३०,००० हून अधिक लोकांना ऐकू जाईल. एका प्रवचनाला वर्गणी न देण्याचे ठरवून गेलेल्या फ्रँकलिनने शेवटी खिसा रिकामा केला.

४/ ती वर्गणी जॉर्जियातील बेथेस्डा अनाथाश्रमासाठी होती. १७४० मध्ये आश्रम उभा राहिला. त्याच वर्षी व्हिटफील्डने दक्षिणेकडील मळेवाल्यांना जाहीर पत्र लिहून गुलामांच्या छळाबद्दल खडसावले. पुढे आश्रमाचा खर्च भागेना, तेव्हा जॉर्जियात गुलामगिरीला परवानगी मिळावी असा आग्रह त्यानेच धरला.

५/ आता काळाकडे पाहू. जॉर्जियात १७३५ पासून गुलामगिरीला कायद्याने बंदी होती. १७३९ मध्ये डॅरियनच्या स्कॉटिश वसाहतकऱ्यांनी ती बंदी कायम राहावी म्हणून अर्ज केला होता. बंदी उठली ती १७५१ मध्ये. म्हणजे दोन्ही बाजू त्याच्यासमोर होत्या. त्याने एक निवडली.

६/ १७७० मध्ये तो वारला. मृत्युपत्राने बेथेस्डा, तेथील गुलामांसह, हंटिंग्डनच्या काउंटेसकडे गेले. त्याच वर्षी बॉस्टनमधील फिलिस व्हीटली या गुलाम तरुणीने त्याच्यावर विलापिका लिहिली आणि ती प्रसिद्धीस आली. तिच्या कवितेतला व्हिटफील्ड आफ्रिकन लोकांनाही ख्रिस्ताकडे बोलावतो. त्याच कवितेत ती काउंटेसचे सांत्वनही करते.

७/ २०२० मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने त्याचा पुतळा हटवण्याचा निर्णय घेतला. मला पुतळ्यापेक्षा व्हीटलीची कविता अधिक महत्त्वाची वाटते. त्याच्या शब्दांतील समतेचा अर्थ तिने त्याच्याहून पुढे नेला. व्हिटफील्डचा वारसा सांगताना म्हणूनच मी फ्रँकलिनचा खिसा, मृत्युपत्रातील गुलाम आणि ही कविता, तिन्ही एकत्र ठेवते.