डाव्या कोपऱ्यातली काच

निसानची क्यूब मागून पाहिली की क्षणभर वाटतं, कारखान्यात काहीतरी राहून गेलं असावं. उजव्या कोपऱ्यात सरळ जाड पत्रा आणि डाव्या कोपऱ्यात मात्र मागची काच तशीच वळून बाजूच्या खिडकीला भिडलेली. दोन बाजूंचा मेळच नाही. कारण अगदी साधं आहे. जपानमध्ये रहदारी डाव्या बाजूने चालते, चालक उजवीकडे बसतो आणि मागे वळून पाहताना त्याची नजर अडते ती नेमकी डाव्या कोपऱ्यात. म्हणून तिथे काच. उजवीकडे गरज नव्हती, तिथे पत्रा. पुढची क्यूब अमेरिकेत विकायला काढली तेव्हा निसानने ही काच उजवीकडे नेली, कारण तिथला चालक डावीकडे बसतो. देखणेपणाचा हट्ट सोडून चालवणाऱ्याच्या डोळ्यांचा विचार करणारी ही गाडी मला म्हणूनच आवडली.

मी ऑकलंडमध्ये राहते. न्यूझीलंडमध्ये गाड्या जोडणारे शेवटचे कारखाने 1998 मध्ये बंद झाले. त्याआधीपासूनच इथे जपानमधून वापरलेल्या गाड्या बोटीने येत होत्या. दोन्हीकडे स्टिअरिंग उजवीकडे, त्यामुळे काही बदलावं लागत नाही. जपानमध्ये ‘शाकेन’ नावाची तपासणी असते, नव्या गाडीला तीन वर्षांनी आणि पुढे दर दोन वर्षांनी. ती महाग पडते, म्हणून पुष्कळ लोक धडधाकट गाडीसुद्धा काढून टाकतात. माझी क्यूब 2007 सालची, अशीच आलेली.

येताना तिने तिकडचं बरंच काही बरोबर आणलं. चावी फिरवली की एक बाई जपानीत अदबीने सांगते, ईटीसी कार्ड घातलेलं नाही. ते जपानच्या टोलचं कार्ड, इथे त्याचा उपयोग नाही. रेडिओ 76 ते 90 मेगाहर्ट्झपर्यंतच ऐकू शकतो आणि इथली स्टेशनं सुरू होतात 88 च्या आसपास. लहानसं बँड एक्स्पांडर बसवलं आणि प्रश्न मिटला. बाईंचा आवाज मात्र मी बंद करून घेतला नाही. डॅशबोर्डच्या कप्प्यात सर्व्हिसची वही मिळाली. त्यात जपानी कालगणनेतली वर्षं, ‘हेईसेई 19’ म्हणजे आपलं 2007, आणि वेळच्या वेळी ऑईल बदलल्याचे शिक्के. मूळ मालक कोण, पुरुष की बाई, कुठल्या गावचा, काही ठाऊक नाही. पण त्याने ही गाडी मन लावून सांभाळली होती, हे त्या शिक्क्यांवरून कळतं. माझ्यावर त्याचं देणं आहे असं मी मानते, आणि ते फेडायची एकच रीत आहे.

गाडी लांबीला पावणेचार मीटरही नाही. आत बसलं की मात्र डोक्यावर भरपूर जागा, पुढची सीट जवळजवळ सलग बाकासारखी, गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खांबावर, त्यामुळे मधे पायांना अडवणारं काही नाही. आई पुण्याहून आली होती. गुडघ्यांमुळे बुटक्या गाडीत शिरताना तिला दाराला धरून आधी खाली वाकावं लागतं आणि उतरताना कुणाचा तरी हात लागतो. क्यूबची सीट तिच्या कमरेच्या उंचीला आली. ती नुसती वळून बसली आणि म्हणाली, “ही गाडी कुणीतरी म्हाताऱ्या माणसांसाठी केलीय गं.” चौकोनी आकाराला लोक खोका म्हणून हसतात. बाहेरची ऐट थोडी कमी झाली तरी चालेल, आतल्या माणसाला ऐसपैस बसता यावं, हा विचार त्या आकारामागे आहे आणि मला तो फार मोठा वाटतो.

देखभालीचं म्हणाल तर इंजिनाचा त्रास नाही. टायमिंग बेल्टऐवजी चेन आहे, आणि तेच दीड लिटरचं इंजिन निसानच्या टीडा आणि नोटमध्येही असल्यामुळे सुटे भाग मिळतात. गिअरबॉक्स सीव्हीटी आहे. तिला कंपनीने सांगितलेलंच ऑईल लागतं, भलतं ओतलं तर ती बिघडते. माझा मेकॅनिक फिजीचा, त्याच्या हिंदीत हे दरवेळी बजावतो. वर्षातून एकदा ‘वॉरंट ऑफ फिटनेस’ घ्यावं लागतं. ब्रेक, दिवे, सीटबेल्ट, गंज, सगळं पाहतात. टायरची नक्षी दीड मिलिमीटरपेक्षा कमी भरली तर गाडी नापास.

खरा शत्रू इथली ओल. गाडी उघड्यावर उभी असते आणि काचांभोवतीच्या रबरात चक्क शेवाळ उगवतं, हिरवंगार, बारीक मखमलीसारखं. ते जुन्या टूथब्रशने, साबणाच्या पाण्याने हळूहळू काढायचं. रबर ताणायचं नाही, खाली साचलेलं पाणी फडक्याने टिपायचं, पाणी वाहून जायची भोकं मोकळी करायची. डाव्या कोपऱ्यापाशी मी जास्त वेळ रेंगाळते. इंजिनाचे भाग चार गाड्यांतून मिळतील, ही वळलेली काच फक्त क्यूबचीच. फुटली तर भंगारातली दुसरी क्यूब शोधत हिंडावं लागेल.

अशी गाडी घेणार असाल तर रंगाच्या चकाकीवर जाऊ नका. आधी सर्व्हिसची वही मागा, मग गालिचा उचलून खाली हात लावून पाहा, ओल लागते का. आणि घेतलीत की त्या वहीत पुढची नोंद तुमच्या हाताने करा, मराठीत केलीत तरी चालेल. तुमच्यानंतर ज्याच्याकडे ती जाईल, त्याला तारीख वाचता आली म्हणजे झालं.