पहाटेचे महाविद्यालय आणि मोबाईलवरची पदवी

गेल्या पावसाळ्यात आपल्या शाळेची एक माजी विद्यार्थिनी माझ्या उल्हासनगरच्या घरी आली. वसतिगृहात असताना दिवे मालवण्याची घंटा झाली तरी जिच्या हातातले पुस्तक सुटत नसे, अशी ती मुलगी. आता ती बदलापूरला राहते आणि पहाटेची लोकल पकडून अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत पॅकिंगच्या कामाला जाते. बारावीनंतर वडील गेले आणि तिचे शिक्षण थांबले.

‘जय भीम बाई’ म्हणून ती बसली. पिशवीतून एक पावती काढून तिने माझ्यापुढे ठेवली. “दीड वर्ष झालं बाई. पुस्तकं नाहीत, परीक्षा नाही. आता फोनही उचलत नाहीत.” स्टेशनजवळच्या एका गाळ्यात ‘घरबसल्या ऑनलाइन पदवी’ अशी पाटी होती. तिथे तिने अठ्ठावीस हजार रुपये भरले होते. ते भिशीचे पैसे होते. पावतीवर विद्यापीठाचे नावच नव्हते. होता तो फक्त त्या केंद्राचा शिक्का.

मला बोचले ते मात्र निराळेच. पैसे भरण्यापूर्वी तिने मला फोन केला होता. मी उत्तरपत्रिका तपासत होते. “घे प्रवेश, शिक्षण थांबवू नकोस,” एवढेच मी बोलले. कोणते विद्यापीठ, हा एक प्रश्न मी विचारला नाही. साधन तपासल्याशिवाय विधान करू नये, असे मी वर्गात सांगत आले. आणि जिथे त्या शिस्तीची खरी गरज होती, तिथेच ती विसरले.

वास्तविक मी स्वतः अशाच शिक्षणातून पुढे आले आहे. मुंबई विद्यापीठाने १९७१ साली पत्रद्वारा शिक्षण सुरू केले. त्याच सोयीमुळे मला नोकरी, संसार आणि लहान मूल सांभाळून इतिहासात एम. ए. करता आले. पोस्टाने येणारे टिपणांचे गठ्ठे मी स्वयंपाक आटोपल्यावर वाचत असे. घरी बसून मिळवलेली पदवी कमी प्रतीची असते, असे मला कधी वाटले नाही.

आपल्या चळवळीला तर हा विचार नवा नाहीच. बाबासाहेबांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि २० जून १९४६ रोजी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले. नोकरी करणाऱ्यांना शिकता यावे म्हणून तेथे सकाळचे वर्ग ठेवण्यात आले. म्हणजे कष्टकऱ्याने महाविद्यालयाची वेळ गाठायची नाही. महाविद्यालयानेच कष्टकऱ्याची वेळ पाहायची. ऑनलाइन शिक्षणाचे मोल मी याच कसोटीवर जोखते. मात्र सकाळच्या त्या वर्गांमागे एक जबाबदार संस्था उभी होती. या पाटीमागे कोणीच नव्हते.

पुढच्या रविवारी आम्ही दोघी मोबाईल घेऊन बसलो. जे आधी करायचे ते आता केले. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर मान्यताप्राप्त विद्यापीठांची यादी असते. ती केवळ विद्यापीठाची नव्हे, तर त्या त्या वर्षाची आणि त्या त्या अभ्यासक्रमाची पाहावी लागते. मान्यता असेल तर दूरस्थ किंवा ऑनलाइन पदवी नेहमीच्या पदवीच्या तोडीची मानली जाते, हे आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. प्रवेशासाठी आता विद्यार्थ्याला आयोगाच्या पोर्टलवर स्वतःचा ओळख क्रमांकही काढावा लागतो.

खासगी विद्यापीठांच्या जाहिराती देखण्या होत्या, हप्त्यांची सोय होती. पण एकूण रक्कम तिच्या कित्येक महिन्यांच्या पगाराएवढी भरत होती. सार्वजनिक विद्यापीठांत तेच शिक्षण वर्षाला काही हजारांत होते. १९८५ सालचे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, १९८९ साली स्थापन झालेले नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आणि आपले मुंबई विद्यापीठ, ही नावे आमच्या कागदावर उरली.

मग आम्ही शुल्कापलीकडचा हिशेब मांडला. परीक्षेसाठी किती खाडे पडतील? केंद्र लोकलने गाठता येईल का? पुस्तके मराठीत आहेत का? दोन जणींच्या खोलीत मोबाईलवर तासन्‌तास व्याख्याने ऐकता येतील का? हे प्रश्न विचारता विचारता तिच्याच लक्षात आले की तिला ऑनलाइनपेक्षा छापील पुस्तके आणि जवळचे अभ्यासकेंद्र अधिक सोयीचे आहे. तिने नाशिकच्या मुक्त विद्यापीठात बी. ए.ला प्रवेश घेतला. या खेपेस पावतीवर विद्यापीठाचे नाव आहे की नाही, हे तिने आधी पाहिले आणि मग मला दाखवले.

गेलेले पैसे परत आले नाहीत. ती पहिल्या वर्षाची परीक्षा उत्तीर्ण झाली आहे. निकाल सांगायला आली तेव्हा म्हणाली, “बाई, माझ्या लाइनवरच्या दोघी विचारतायत. त्यांना घेऊन येऊ?”

त्या दोघींच्या निमित्ताने या स्मरणिकेतून एक विनंती करते. आपली शाळा दहावीपर्यंत मुलांना सांभाळते; पण फसवणूक होते ती त्यानंतर. महिन्यातील एका रविवारी शाळेच्या ग्रंथालयात एक टेबल मांडावे. माजी विद्यार्थ्यांनी प्रवेशाचे कागद तेथे आणावेत. आपण शिक्षकांनी यादी उघडून त्यांच्यासोबत पाहावी. शिष्यवृत्ती लागू होते का, याची समाजकल्याण कार्यालयात चौकशी करून द्यावी. याला निधी लागत नाही, दोन तास लागतात. ‘शिका’ हा बाबासाहेबांचा आदेश आपण मुलांना रोज सांगतो. कुठे शिकावे, हे पाहण्यासाठी त्यांच्याजवळ बसणे हाही त्या आदेशाचाच भाग आहे. पहिल्या रविवारी टेबलापाशी मी बसेन.