हुकमी डाव

यंदा कॉलेजात एक कागद हातात पडला. मुख्य विषय कोणता घेणार ते लिहा आणि खाली पालकांची सही आणा. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मीच पहिला, तेव्हा विचारायचे कुणाला? मी सरळ कागलच्या आमच्या तालमीत जाऊन वस्तादांपुढे बसलो. हसू नका, मंडळी. एक धरून बाकीचे सोडायचे, हे शिक्षण त्या माणसाने मला कधीच देऊ केले होते. मी घेतले नव्हते, एवढेच.

कुस्तीत डाव पुष्कळ. पट, ढाक, मोळी, टांग, कलाजंग, घिस्सा. शिकताना सगळेच शिकायचे; पण दोनेक वर्षे गेली की वस्ताद विचारतात, "तुझा हुकमी कुठला?" म्हणजे दम संपलेला, डोळ्यांत तांबडी माती गेलेली, अशा वेळीही जो आपसूक लागेल तो. त्यासाठी रोज शंभर-दोनशे वेळा तोच डाव मारायचा, आणि समोरच्याला त्याची तोड ठाऊक आहे असे धरूनच मारायचा.

मी ढाक धरला. कारण सांगायला लाज वाटते. तालमीत खाशाबा जाधवांचा फोटो होता. १९५२ साली हेलसिंकीला ब्राँझपदक मिळवणारे, स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक त्यांचे; आणि ढाक ही त्यांची खासियत. शाहू महाराजांनी १९१२ साली बांधलेल्या खासबागेत मी कुणाला तरी ढाकेवर चीत करतो आहे, असे स्वप्न मला पडे. महाराज मूळ आमच्या कागलच्या घाटग्यांच्या घरातले, म्हणून खासबाग म्हणजे आपलेच अंगण असेही वाटे!

वस्ताद म्हणाले, "ढाक कंबरंचा डाव हाय. तुझी कंबर काडीवानी, पर पाय चपळ. तू एकेरी पट काढ."

पट काय, कुणीही काढतो, असे मी मनात म्हटले. गादीवर पटाने खाली आणले तर दोन गुण आणि ढाकेने उचलून पाठीवर टाकले तर चार, हे गणित मात्र त्यांना मोठ्याने ऐकवले. ते गप्प बसले. त्यांनी मला का अडवले नाही, हे अजून कळलेले नाही.

घरी एकच म्हैस. तिचे सकाळचे दूध डेअरीला न जाता माझ्या पोटात जाई. धाकटी बहीण कोरा चहा पिऊन शाळेला जाई.

बारावीच्या वर्षी गैबीच्या उरुसात माझी जोड लागली. आण्णा पटका बांधून पुढेच बसले होते. हलगी रंगात यायच्या आत मी ढाकेला वळलो. कंबर पुरती आत गेली नाही आणि पाठ मात्र त्याच्या हवाली झाली. त्याने मागून कब्जा घेतला, खाली दाबले आणि घिस्सा लावून मला आभाळ दाखवले. आण्णा वाटेत काही बोलले नाहीत. मी तालीम सोडली. दुधाचा पेला मात्र आई रोज आणून ठेवीतच राहिली. का, ते तिलाच ठाऊक.

असो. वस्तादांना म्हटले, "इंग्रजी घ्यावं म्हणतोय."

"कुणाचा फोटो बघून?"

मी निरुत्तर. मग कसेबसे सांगितले की वर्षभर मी मोडी वाचायला शिकतो आहे. घरातल्या ट्रंकेत पणजोबांच्या जमिनीचे कागद आहेत. एकेक अक्षर लावत बसलो की रात्रीचे बारा वाजलेले कळत नाहीत. पण त्याला टाळी कोण वाजवणार?

वस्ताद लंगोटाची घडी घालीत राहिले. मी तिथेच हौद्याच्या कडेला बसून कागदावर 'इतिहास' लिहिले.

रात्री आण्णांनी सावकाश सही केली. मग विचारले, "ह्येला खुराक काय लागतो?"

"काही नाही."

"मग सकाळचं दूध डेअरीला घालाय हरकत न्हाई."

आई चुलीपाशी होती. दुसऱ्या दिवशी माझा पेला अर्धा होता आणि बहिणीचा चहा दुधाचा.