वक्राला न शिवणारी रेषा

अकरावीला पॅराबोला शिकवणाऱ्याला एक गोष्ट दरवर्षी दिसते. शिरोबिंदू मुलं चटकन सांगतात, नाभीही शोधून काढतात. डायरेक्ट्रिक्स विचारली की मात्र पेन थबकतं. साहजिक आहे. शिरोबिंदू वक्रावरच असतो, नाभी त्याच्या कुशीत असते. ही रेषा वक्राच्या पाठीमागे असते आणि त्याला कुठेही शिवत नाही. तरी वक्र बेतलेला असतो तो तिच्यावरूनच: पॅराबोलावरचा कुठलाही बिंदू नाभीपासून जितका दूर, तितकाच या रेषेपासून.

फळ्यावर समीकरण आहे: य² − ४य − ८क्ष + २८ = ०. त्यात रेषेचा मागमूस नाही. य असलेली पदं एका बाजूला घेऊन, दोन्हीकडे ४ मिळवून वर्ग पूर्ण केला की उरतं (य − २)² = ८(क्ष − ३). शिरोबिंदू (३, २). कंसाबाहेरचा ८ म्हणजे शिरोबिंदूपासून नाभीपर्यंतच्या अंतराची चौपट, तेव्हा अंतर २. ८ धन आहे, म्हणून वक्र उजवीकडे उघडतो. नाभी दोन घरं उजवीकडे, (५, २) वर; रेषा तितकीच डावीकडे, क्ष = १.

उत्तरपत्रिकेत इथे हमखास क्ष = −२ येतं. पाठ केलेलं सूत्र शिरोबिंदू आरंभबिंदूवर असतानाचं असतं आणि वक्र सरकला तशी रेषाही सरकली, हे लिहिताना निसटतं. यावर पडताळ्यासारखा उपाय नाही. वक्रावरचा (५, ६) घ्यावा. नाभीपासून अंतर ४, क्ष = १ पासूनही ४. अर्ध्या मिनिटाचं काम, पण ते करणाऱ्या मुलाला उत्तर बरोबर आहे का, हे कुणाला विचारावं लागत नाही.

वर किंवा खाली उघडणाऱ्या वक्रासाठी, म्हणजे य = अ·क्ष² + ब·क्ष + क यासाठी, वर्ग एकदाच पूर्ण करून ठेवला तर रेषा मिळते: य = क − (ब² + १)/४अ. दिसायला कोरडं सूत्र. त्याची खरी गंमत चेंडू फेकल्यावर कळते.

हवेचा विरोध सोडून दिला तर फेकलेला चेंडू पॅराबोलावरून जातो. वेग व, कोन थ आणि गुरुत्वत्वरण ग मानलं, तर त्याच्या मार्गात क शून्य, ब म्हणजे थचा टॅन्जंट, आणि अ म्हणजे −ग(१ + ब²)/२व². हे सूत्रात घातलं की (१ + ब²) वर-खाली कटतं, कोन पार नाहीसा होतो आणि उरतं य = व²/२ग. प्रतिसेकंद २० मीटर वेगाने, ग १० धरून, चेंडू ३० अंशांत फेकला तर तो ५ मीटर उंच जातो, ४५ अंशांत १०, ६० अंशांत १५. तीन वेगळे वक्र, तीन वेगळ्या नाभी. डायरेक्ट्रिक्स तिघांची एकच, २० मीटरवर. सरळ वर फेकलेला चेंडू नेमका तिथपर्यंत पोचतो. ऊर्जेचा हिशेब भूमितीत असा उघडा पडलेला अकरावीच्या पुस्तकात क्वचितच दिसतो, आणि तो दाखवल्याशिवाय हा धडा संपवू नये.

नारायणगावजवळ खोडद आणि आसपास जीएमआरटीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० पॅराबोलिक तबकड्या आहेत. तिथेही हीच रेषा, तीन मितींत प्रतल होऊन, तबकडीच्या मागे कल्पावी लागते. अक्षाला समांतर आलेली रेडिओ लहर परावर्तित होऊन नाभीकडे जाते. न वळता सरळ गेली असती, तर त्या प्रतलापर्यंत तिला तेवढंच अंतर पडलं असतं. म्हणून सगळ्या लहरी नाभीवर एकाच वेळी पोचतात.

वक्र तिरका असेल तर वर्ग पूर्ण करून भागत नाही. मुलं फळीवर खिळे ठोकून दोऱ्याची नक्षी करतात, ती घ्या. काटकोनातल्या दोन बाजूंवर कोपऱ्यापासून सारख्या अंतरावर दहा-दहा खिळे. एका बाजूचा पहिला दुसरीच्या दहाव्याला, दुसरा नवव्याला, असे दोरे. ते ज्याला स्पर्श करतात तो वक्र पॅराबोलाच; कोपरा आरंभबिंदू आणि दोन खिळ्यांमधलं अंतर १ मानलं तर: (क्ष − य)² − २२(क्ष + य) + १२१ = ०. क्ष·य हे पद पाहून मुलं घाबरतात. पण परस्परांना लंब असलेल्या दोन स्पर्शिका नेहमी डायरेक्ट्रिक्सवरच भेटतात, आणि इथे फळीच्या दोन्ही बाजू, अकरावा खिळा असता तिथपर्यंत वाढवल्या की, स्पर्शिकाच आहेत. म्हणजे कोपरा त्या रेषेवर आहे. अक्ष क्ष = य, रेषा त्याला लंब; तेव्हा ती क्ष + य = ०. नाभी (५.५, ५.५). स्पर्शबिंदू (११, ०) घेऊन मोजलं तर नाभीपासूनच्या अंतराचा वर्ग ६०.५ येतो, रेषेपासूनच्या अंतराचाही तेवढाच.