बाईच्या ताटाचा हिशेब

मुलगी आहारशास्त्र शिकते म्हटलं की गावात पहिला प्रश्न ठरलेला असतो, "स्वयंपाक शिकायला विद्यापीठ कशाला? तो तर आईच्या हाताखालीही येतो." मला हा प्रश्न पुष्कळांनी विचारला. विचारणाऱ्यांचा राग येत नाही, कारण नावावरून कोणाचाही तसाच समज होईल. पण तुमच्या घरी बारावी झालेली मुलगी असेल, तर या शिक्षणात नेमकं काय असतं ते तुम्हाला ठाऊक असलेलं बरं.

सुरुवातीला चुलीशी संबंध कमीच. रसायनशास्त्र, शरीरशास्त्र, जंतुशास्त्र, संख्याशास्त्र असे विषय. भाकरी पोटात गेल्यावर तिचं काय होतं, डाळीतलं प्रथिन अंगी कसं लागतं, हे आधी शिकायचं. मग दवाखान्यात जाऊन मधुमेहाच्या नि मूत्रपिंडाच्या रोग्याला काय आणि किती द्यायचं ते बघायचं. त्यानंतर वस्तीत जायचं. अंगणवाडीतल्या मुलांची वजनं घ्यायची, सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांच्या दंडाला फीत लावायची. माप साडेअकरा सेंटिमीटरच्या आत आलं, तर ते मूल धोक्यात आहे असं समजून लगेच आरोग्य केंद्रात पाठवायचं.

दवाखान्यातला आहारतज्ज्ञ एका रोग्याकडे बघतो. सार्वजनिक आरोग्याचं पोषणशास्त्र साऱ्या गावाकडे बघतं. हिमालयाच्या पायथ्याशी कांगडा खोरं आहे. तिथल्या मातीत आयोडीन कमी, म्हणून पाण्यात आणि पिकातही कमी. त्यामुळे लोकांना गलगंड व्हायचा. १९५६ साली डॉ. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या काही भागांत आयोडीन घातलेलं मीठ द्यायला सुरुवात केली. काही वर्षांत तिथं गलगंडाचं प्रमाण उतरलं. १९६२ साली सरकारनं देशासाठी गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू केला. एकेका रोग्याला औषध देऊन जे साधलं नसतं, ते चिमूटभर मिठानं साधलं.

पण मला सगळ्यांत जास्त शिकवलं ते एका साध्या कामानं. घरोघर जाऊन बाईला विचारायचं, काल सकाळपासून रात्रीपर्यंत काय काय खाल्लं? ठराविक मापाच्या वाट्या बरोबर असतात. वरण किती, भाजी किती, ते वाटीनं दाखवायचं. घरधन्यानं काय खाल्लं ते बाया घडाघडा सांगत. पोरांचंही सांगत. "आणि तुम्ही?" म्हटलं की उत्तर यायचं, "राहिलं होतं ते." आता ‘राहिलं ते’ वाटीनं कसं मोजायचं? मग भाजीचं पातेलंच पुढं घेऊन, तळाशी किती उरली होती ते विचारून लिहावं लागे.

आता हिशेब बघा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० साली दिलेल्या कोष्टकात, पुरुषाला रोज १९ मिलिग्रॅम लोह लागतं, तर बाईला २९. दर महिन्याला तिचं रक्त जातं, ते भरून काढायचं असतं. म्हणजे घरात लोहाची गरज जिला जास्त, तीच शेवटी जेवायला बसते, आणि तोवर पालेभाजी संपलेली असते. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या शंभर बायकांमागे ५७ जणींच्या अंगात रक्त कमी आढळलं. खुरपताना दम लागतो, डोळ्यांपुढं अंधारी येते. आपण त्याला ‘अशक्तपणा’ म्हणतो आणि सोडून देतो. पण अशा बाईला बाळंतपणातला रक्तस्राव सोसत नाही, आणि तिथं जिवावर बेततं.

यावरचे उपाय महागाचे नाहीत. बाजरीची भाकरी, मेथी, हरभऱ्याचा पाला, मटकी हे आपल्याच रानातलं. वर लिंबू पिळलं की त्यातलं लोह अंगी जास्त लागतं. जेवणाबरोबर चहा घेतला की ते कमी लागतं, म्हणून चहा तासाभरानं घ्यावा. घरची अंडी सगळीच बाजाराला जाऊ देऊ नयेत. आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्यावं. हिमोग्लोबिन १२ च्या खाली, आणि गरोदरपणी ११ च्या खाली असेल, तर रक्त कमी आहे असं समजून डॉक्टर सांगतील तशा गोळ्या घ्याव्यात.

माझ्या घरी आम्ही एवढंच ठरवलं की आधी सगळ्यांची ताटं एकदम वाढायची, वाढणारीचं ताटही त्यांत आलं, आणि मग बसायचं. खर्च एका पैशानंही वाढला नाही. सासूबाईंना पटायला जरा वेळ लागला, पण आता माझं ताट त्याच आधी वाढतात.

तेव्हा बाबांनो, मुलीला या शास्त्राची आवड असेल तर जरूर पाठवा. परभणीच्या कृषी विद्यापीठात सामुदायिक विज्ञान महाविद्यालय आहे, मुंबई-पुण्यात श्रीमती नाथीबाई ठाकरसी महिला विद्यापीठ आहे. मात्र ती शिकून येईपर्यंत थांबू नका. आज रात्री भाजी वाढताना घरातल्या बाईचं ताट मांडलंय का, तेवढं बघा.