माकुळाच्या पोटातली शाई

व्हेनिसच्या रिआल्टो मासळीबाजारात वसंत ऋतूत माकुळांच्या (कटलफिशच्या) पाट्या शाईने माखलेल्या असतात. अंडी घालायला ती समुद्रातून उथळ पाण्यात शिरतात, तेव्हा ती जाळ्यात सापडतात. तिथलं गिऱ्हाईक काळ्या बरबटीला नाक मुरडत नाही. शाई आहे म्हणूनच माकूळ घेतं.

निम्मा स्वयंपाक साफ करण्यातच आहे. पाठीकडून चीर देऊन आतलं पांढरं कवच (आपल्या वैद्यांचा समुद्रफेन) काढायचं, मग मांस हलक्या हाताने उलगडायचं. मागच्या टोकाकडे चंदेरी झाक असलेली पिशवी दिसते. ती बोटांनी सोडवायची, तोंडाशी चिमटीत धरून कापायची आणि वाटीतल्या थोड्या व्हाइट वाइनमध्ये फोडायची. घाई केली की शाई ओट्यावर सांडते. लांबट स्क्विडमध्ये ही पिशवी बारीक आणि शाई थोडीच. म्हणून ‘स्क्विड इंक’ नावाने विकल्या जाणाऱ्या पाकिटांतही बहुधा माकुळाचीच शाई असते.

शाई रंगासाठी घालतात, हा समज हॉटेलांतल्या काळ्या पास्त्याने रुजवला. रंग मेलॅनिनचा, पण खरी करामत शाईतल्या ग्लुटामेटची. त्याने रसाला खोल, खारट-गोडसर चव येते. कांदा-लसूण मंद आचेवर परतून त्यात माकुळाचे तुकडे, वाइन आणि किंचित टोमॅटो घालतात. मग पाऊण तास संयम. माकूळ एक तर दोन मिनिटांत उतरवावं, नाही तर मऊ होईपर्यंत शिजवावं. मधल्या वेळात ते रबरासारखं लागतं. शाई अर्ध्यावर घालावी आणि मीठ अगदी शेवटी, कारण शाई मुळातच खारट. व्हेनिसवाले हा रस पांढऱ्या पोलेंटावर (मक्याच्या घट्ट लापशीवर) वाढतात, नाहीतर त्यात भात शिजवतात.

कॅटलान लोक काळ्या भातासोबत आलिओली हे लसणाचं सॉस घेतात, बास्क प्रांतात छोटे स्क्विड स्वतःच्याच शाईत शिजतात, ओकिनावात डुकराचं मांस घालून काळं सूप होतं.

भारतातून गोठवलेलं माकूळ स्पेन-इटलीला जातं. कोकणात त्याचं सुकं उत्तम होतं, पण शाई बहुतेक घरांत मोरीत जाते. पुढच्या खेपेला कोळणीला सांगा, ‘मावशी, पिशवी फोडू नका, साफ मी करीन.’ नेहमीच्याच सुक्यात ती शाई घाला आणि मीठ हात राखून टाका.